अर्ध्या भाकरीवर

आई, दवाखान्यातून आल्यापासून तुझ्याशी भांडावं की तुला कवटाळावं, तेच कळेनासं झालंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असलं काही झालं की पहिली तूच हवी असतेस. तुझी नात सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिच्या रक्तात साखर निघाली आहे. माझ्यात तर ती आहेच. मी ही अशी काटकुळी, गोडाच्या वाटेला न जाणारी. शेजारणी विचारतात, तुम्हाला कशी हो झाली?

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, जन्मताना तुमचं वजन किती होतं? मंद्रूपच्या घरात माझं वजन कोण करणार? मी तुझंच बोलणं सांगितलं. चुलीपुढं भाकरी थापताना तू मोठ्या तोऱ्यात म्हणायचीस, "तुझ्या येळंला सातव्यापासनं अर्ध्या भाकरीवर व्हते की मी. पोर ल्हान, तर बाळातपण सोपं. तू तर सुपात मावलीस." मी हसते, तू हसतेस, आणि पहिली फुगलेली भाकरी माझ्या ताटात पडते. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोटातल्या बाळाला कमी मिळालं की त्याचं शरीर टंचाईची सवय धरतं. जनुकं तीच राहतात, पण कुठलं जागं राहायचं आणि कुठलं निजायचं, याच्या खुणा तेव्हाच पडतात. पुढं ताट भरलं की ते त्या शरीराला झेपत नाही. तेवढ्यामुळेच झालं असं मात्र म्हणता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, मुलगी पोटात असते तेव्हाच तिच्या पुढच्या लेकरांचं बीजही तिच्यात तयार होतं. म्हणजे त्या अर्ध्या भाकरीवर आपण तिघी होतो, आई.

रिक्षात लेक म्हणाली, "म्हणजे हे सगळं आजीमुळे?" मी तिच्यावर अशी खेकसले की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. तिला काय माहीत, तुझ्या आधी त्याच घरात थोरल्या काकूचं बाळ अडलं होतं, आणि दोघंही गेली होती. तुला भूक लागत नव्हती थोडीच! तुला मी हवी होते, आणि मला वाढवायला तू उरायला हवी होतीस.

घरी आल्यावर तिनं दोन घास खाऊन ताट सरकवलं. "नको, शुगर वाढेल." उपाशी राहू नका, बेतानं पण नीट जेवा, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. पण भीती कुणाचं ऐकते? मग मी तिला थोरल्या काकूचं सांगितलं. तिनं सरकवलेल्या ताटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुझ्या वेळी आजीला कसले डोहाळे लागले होते गं?"

"शेंगापोळीचे," मी पटकन म्हणाले.

ती हसली. ताट ओढून घेतलं आणि मटकीच्या उसळीशी भाकरी संपवली. मी तिथंच बसून तिचं जेवण बघत राहिले. तुझी फार आठवण आली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून इथं तरी खरं सांगते. शेंगापोळीचं मी मनानंच जोडलं. तू किती कमी खाल्लंस ते मला पाठ आहे, पण तुला काय खावंसं वाटायचं, ते मला माहीत नाही.