भोपळा कापणारी सुरी

वसमत, १३ जानेवारी २०२५

ती. बापूंना,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हणून हा कागद. तुमच्या शेजारची मिना म्हणाली, इथल्या बँकेत कामाला येता-जाता एवढं टपाल तिला जड न्हाई. सोबत सुरी धाडली आहे, तुमच्या धारेच्या दगडावर एकदा पाहा.

शाळेत एकशेचाळीस लेकरांचं जेवण मी आणि सुमनबाई दोघीच रांधतो. चिरण्याचं काम माझ्याकडं. महिना झाला, उजवं मनगट अंगठ्यापाशी सुजलंय. डॉक्टर आराम करा म्हणतात. आराम केला तर माझ्या जागी दुसरी बाई येईल, ही धास्ती. धारवाल्याकडून सुरीला धार लावून आणली. बोटाला लागते, पण कांद्यात अडकते. भोपळा तर कापत न्हाई, करकर फाटतो. धार असून असं काहून होतं?

तब्येतीला जपा.
तुमची, शिवकन्या


शिरड शहापूर, १६ जानेवारी

चि. शिवकन्येस,
अनेक आशीर्वाद.

सुरी पाहिली. धारवाल्यानं चाकावर उभी धरून घासली. कडेला धार आली, पण मागचं पातं जाडच राहिलं. अशी सुरी पाचरीसारखी शिरते, फळ फाकवते, आणि सगळा जोर तुझ्या मनगटावर येतो. पातं दगडावर निजवून घासलं की उतार लांब होतो. मग सुरी वजनानंच खाली जाते. तीन दुपारी बसून तसं करून दिलं आहे. वर्तमानपत्राचा कागद सळ्ळकन कापला.

हे आधी सांगायचं सोडून महिनाभर दुखणं काढलंस. लहानपणीही काटा मोडला तर लपवायचीस.
बापू


वसमत, २२ जानेवारी

ती. बापूंना,
शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगते, कोणाला काही झालं न्हाई.

सुरी फार छान चालली. दोन दिवस कांदे चिरताना हात दुखला न्हाई. सोमवारी भोपळा होता. देठापाशी सुरी रुतली, तशी मी ती पिळून काढली. भाजी चुलीवर चढल्यावर सुरी धुतली, तर धारेत खाच. अर्ध्या तांदळाएवढा तुकडा गेलेला.

पाट, साली, टोपली, सगळं चाचपलं. सापडला न्हाई. लेकरं ताटं घेऊन ओळीत बसलेली. सुमनबाई म्हणाल्या, तुकडा सालीबरोबर गेला असंल, उगी बोभाटा करू नको. मीही थोडा वेळ गप्प राहिले. हे तुम्हाला लिहायला लाज वाटते, पण राहिले. मग ओळीतल्या पहिल्या पोरीनं ताट पुढं केलं आणि माझा हात उचलेना.

हेडमास्तर तातेराव सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, तुकडा भाजीतच आहे हे नक्की का. म्हटलं, नक्की न्हाई, पण नसल्याचंही नक्की न्हाई. सगळी भाजी खड्ड्यात ओतली. दुसरं वरण शिजेपर्यंत लेकरं दीड तास उपाशी बसली. शनिवारी पालकांची सभा आहे. मला काढा असं काही जण म्हणून राहिले. दोन दिवस झाले, घास गिळताना माझ्याच घशात टोचतं.

मी काय करू ते कळवा.
शिवकन्या


शिरड शहापूर, २३ जानेवारी

चि. शिवकन्येस,
आशीर्वाद.

सभेत सांग की धार बापानं लावली.

पातळ धार कांद्याला चांगली, पण पिळली की तुटते. भोपळ्याला पाठीमागं थोडं जाड अंग असलेली सुरी लागते, त्यात जोर लागला तरी. हे मला ठाऊक होतं, लिहायचं राहिलं. दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. दिवाळीपासून डावा डोळा धुरकट झाला आहे. तुझं पत्रसुद्धा उन्हात भिंग धरून वाचतो. धार किती उरली ते मला दिसलं न्हाई. बोटाला कळंल असं वाटलं, आणि पातं गरजेपेक्षा जास्त झिजवलं.

हळदीचा पाला कापायला यंदा गावातल्या अकरा विळ्यांना धार लावून दिली होती. आज घरोघर जाऊन सांगून आलो की धार दुसऱ्याकडून पाहून घ्या. त्यातल्याच एका घरी सखुबाईनं चहा पाजला.

तू सांगितलंस ते बराबर केलंस.
बापू


वसमत, २९ जानेवारी

ती. बापूंना,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. तुमचं नाव घेतलं न्हाई, कारण सुरी पिळली ती मी. दोघं-तिघं फार तोडून बोलले. मग तांड्यावरच्या रूपाबाई उठल्या. म्हणाल्या, पोरगी उपाशी राहिली म्हणून मलाही राग आला होता. पण हिला काढलं, तर उद्या दुसरी बाई खाच पाहून गप्पच राहील. तातेराव सरांनी ठरवलं, चिरायच्या आधी आणि नंतर सुरी दोघींनी पाहायची. महिनाभर चिरणं सुमनबाईंकडं, चूल माझ्याकडं. काम टिकलं.

मिना सांगत होती, तुमी धार लावायचा दगड पोत्यात बांधून ठेवला. तो सोडून ठेवा. रविवारी पहिल्या गाडीनं येते. दोन सुऱ्या आणते, एक कांद्याची, एक भोपळ्याची. घासीन मी, उतार किती धरायचा ते तुमी सांगा. सोमवारी रजा घेतली आहे, हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचं. तिथं ते विचारतील, कधीपासून दिसत न्हाई. तेव्हा दिवाळी सांगू नका. तुमी पोळ्यापासूनच उंबरा चाचपून ओलांडता, हे मिनानं मला सांगितलं आहे.

रागावू नका, माया असू द्या.
तुमचीच,
शिवकन्या