पथ्याशिवाय पूड

मळमड्डी, धारवाड
आषाढ, १९३६

प्रिय वादिराजा,

तुझ्या आईच्या खलबत्त्याची ठणठण आज सकाळपासून कानांत आहे. ती आत कुड्याची साल कुटायची आणि त्या ठेक्यावर आपण ओसरीवर आर्या घोकायचो. तू अडखळलास की आतून हाक यायची, "वाद्या, बत्ता चुकत नाही, तूच कसा चुकतोस रे?" कुणाला आव झाली की ती पूड द्यायची, पण दटावून. पाणी उकळून प्यायचं, ताकभातावर राहायचं. जमत नसेल तर पूड इथंच ठेवून जा.

म्हणून गेल्या वर्षी तू तुझ्या दवाखान्यात त्याच पुडीची शास्त्रीय कसोटी घेतोयस म्हटल्यावर मला भरून आलं. निम्म्यांना पूड आणि पथ्य, निम्म्यांना नुसतं पथ्य, ही वाटणी मीच सुचवली. दोन्हीकडचे सारखेच बरे झाले. पुडीनं अधिक काही केलं असं दिसलं नाही, एवढंच. तू हसून म्हणालास, "मास्तरा, कविता कापली की बिघडते, अहवाल कापला की सुधारतो." मीही हसलो. थट्टाच वाटली.

परवा कमरीपेठेतल्या एका दुकानात तुझी पुडी पाहिली. वर ठळक छापलंय, 'शास्त्रसिद्ध. पथ्याची जरुरी नाही.' नुसत्या पथ्यानं बरे झालेले सगळे तू अहवालातून गिळलेस, वर आईचं पथ्यही. किळस आली रे. घरी येऊन हात धुतले, तरी जाईना.

आम्हाला जळण घालणारा अळणावरचा नागोजी तुला ठाऊक आहे. त्याची थोरली लेक चंद्रभागा आवेनं गेली. पुडी घेत होती आणि तळ्याचं पाणी तसंच पीत होती; दुकानदारानं वाचून सांगितलं होतं ना, पथ्य नको. तू म्हणशील, साथच होती. असेल. पण त्या घरात पाणी उकळायला लाकडांची वाण नव्हती, वादिराजा.

पत्र एवढ्यासाठी की पुडीच्या पाठीवर 'परीक्षक' म्हणून माझं नाव आहे. मला न विचारता. ते नाव काढ, ते वाक्य काढ, दुकानांतला माल परत आण. नाहीतर खरी हकीकत मी वर्तमानपत्रात देईन, मग मैत्रीचं काय व्हायचं ते होवो.

थांब, दार वाजतंय.

नागोजी आहे. शिव्या द्यायला आला असता तर बरं वाटलं असतं. धाकट्या राधेला जुलाब लागलेत, आणि तो हात जोडून म्हणतोय, "मास्तर, पुडीवर तुमचं नाव हाय म्हनं. दुकानात संपलीया, तुमच्याकडं असंल तर द्या की."

तुझाच,
मुकुंद