जावईबापू काऊन चावले

१२ जानेवारी, रविवार

हाव, चावला. विळी लागली म्हनून शेजारच्या नूरजहांले सांगतलं, ते खोटं. इथं कायले खोटं लिहू.

आठ दिवस झाले खात नाई, तरी पालकाची जुडी घेऊन गेली त्याच्यापाशी, रोजच्यासारखी. त्यानं डोकं वर-खाली, वर-खाली केलं, गळ्याखालची झालर फुगवली, अन् खपकन अंगठा धरला. सोडेच ना. दात म्हंजे बारीक करवत. दोन फडके बांधले तरी रगत दिसून राह्यलं. सात महिन्यात कधी नख लावलं नाई त्यानं. आजच काय झालं?

जावईबापू म्हंजे माह्या पोरीचा, शरयूचा सरडा. परदेशी हाय, हिरवागार, उभा धरला तर माह्या छातीपर्यंत शेपूट येते. गावातले लोक घोरपडच समजतात. शरयूनं नाव ठेवलं मिठू. पुन्यात नोकरीले लागली तवा बोटाएवढा होता, चार वर्षं तिनं पोरावानी वाढवला. मी म्हनत होती, तीस वर्षांची झाली, आता जावई आन घरी. तर हा आनला. मंग दुसरं नाव ठेवनार काय?

मागच्या जूनात तिच्या घरमालकानं कुरकुर केली म्हनून माह्या गळ्यात बांधून गेली. दोन महिन्यासाठी, म्हने. पोरगी तिकडं मजेत, अन् आई इथं चिखलीजवळच्या उंद्रीत सरड्यासाठी भाजी निवडून राह्यली.

१३ जानेवारी

आज शेपटीनं मारलं. पिंडरीवर लांब वळ उठला. झाडू उचलला होता म्या, पन खाली ठेवला. मारला तर शरयूले काय सांगू?

संध्याकाळी तिचा फोन. "आई, मिठू दाखव ना." म्या म्हटलं, रेंज नाई. मंग दसऱ्याच्या वक्ताचा जुना व्हिडिओ धाडून देला, तो भोपळा खाऊन राह्यला तो. "गुणी बाळ माझं," म्हने.

गुनी. त्या गुनी बाळाच्या खोलीत आता मी खराटा पुढं धरून जाते. 

१५ जानेवारी

अकरा दिवस झाले, काई खाल्लं नाई. पालक नाई, शेवगा नाई, भोपळा नाई. काल संक्रांत होती. लाडू दुरूनच दाखवला अन् म्हटलं, तीळगूळ घ्या जावईबापू, गोड बोला. एक डोळा मिटून घेतला. एवढा मान तर सख्ख्या जावयालेही लागत नाई.

थंडी लागली असन म्हनून शंभरचा बल्ब लावला. जुनी गोधडी टाकली. तो उबेत बसेचना. कोपऱ्यात जाऊन शहाबादी फरशी खरडून राह्यला. मंग गव्हाचं पोतं फाडलं. म्या कोपऱ्यात चार विटा लावल्या, तर विटा खरडते. नखातून रगत निंगते तरी थांबत नाई.

१७ जानेवारी

चिखलीवरून ढोरांच्या दवाखान्यातले अविनाश डॉक्टर आले. विमलबाईची गाय पाहायले आले होते, तिथूनच धरून आनले.

"काकू, मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे."

म्या म्हटलं, "याचेही चारच पाय हायेत, मोजून घ्या."

आत आले, पन दारातूनच पाहिलं. शहाना मानूस. मोबाईलवर काई वाचलं. मंग म्हने, थंडी सरत आली की या जातीचे नर माजावर येतात. रंग बदलतो, डोकं हलवतात, जो समोर येईल तो दुश्मन. आरशातला स्वतःचा चेहराही दुश्मन. आरसा काढा, भडक कपडे घालू नका, डोळ्यात डोळे घालून पाहू नका, वरून हात नेऊ नका. एक-दोन महिन्यात उतरेल आपोआप.

जीव भांड्यात पडला. माज हाय तर. आता जावयाले बायको कुठून आनू, ते नाई सांगतलं डॉक्टरनं.

आरसा काढून पलंगाखाली ठेवला. तसंही कपाळावर लावायचं काय हाय मले, आरसा पाहून?

२१ जानेवारी

उतरलं नाई.

सतरा दिवस होऊन गेले. मांड्या सुकल्या, शेपटीचं हाड दिसते. पन पोट फुगलेलं. न खाता पोट कसं फुगते? मोबाईलवर पाहून पाहून डोळे गेले. एक म्हनते प्रेम द्या. एक म्हनते हातच लावू नका. एक बाई तर सरड्याले टोपी घालून दाखवते. माह्या प्रश्नाचं उत्तर एकाजवळही नाई.

दाराबाहेर बसली अन् आतून ते खरडनं ऐकत राह्यली. खर्र खर्र. जेवली नाई. हा मेला तर पोरगी माह्याकडं पाहीन तरी काय? तिनं इस्वासानं देला मले.

२४ जानेवारी

आज पकडलीच गेली होती. शरयू म्हने, "आई, या व्हिडिओत तू पिवळी साडी नेसलीयेस. परवाच्यातही तीच होती."

म्या म्हटलं, "विधवेपाशी साड्या तरी किती राहतीन, माय?"

 पोरीचं तोंड बंद करायची ही जुनी युक्ती हाय माही, दरवेळी लागू पडते. आज मात्र फोन ठेवून ती साडी पेटीच्या तळाशी टाकली.

२६ जानेवारी

नूरजहां अंडे घेऊन आली. तिच्याकडं पंधरा कोंबड्या हायेत. आमची भिंत एकच, म्हनून तिले खरडनं आठ दिवसांपासून ऐकू येऊन राह्यलं होतं. म्हने, "भाभी, भीत पाडून राह्यले का तुम्ही?"

मंग सगळं दाखवलं. अंगठाही. ती खाली बसली, दुरूनच पाहत राह्यली बराच येळ.

"हा नर हाय म्हनून कोनी सांगतलं?"

"शरयूनं."

"शरयूनं पोटाखाली पाहिलं होतं का कधी?" मंग हसत म्हने, "अव भाभी, ये अंडेवाली है. माही कोंबडी अंड्यावर आली का अशीच करते. दाना सोडते, कोपरा धरते, माती उकरते. मधी गेलं का टोचते. तुहा जावई पेट से है."

"नर कुठून आला मंग?"

"कोंबडीले अंड्यासाठी कोंबडा लागते का?"

पंधरा दिवसात पहिल्यांदा हसली मी. पदर तोंडात धरून हसली. मंग एकदम थांबली. कोंबडीले आपन टोपलं देतो, भुसा देतो. हिले म्या काय देलं? फरशी. ती जागा उकरून राह्यली होती अन् मी पुढं विटा लावत होती.

दोघींनी मिळून मोठं प्लास्टिकचं पिंप आडवं टाकलं. शेजारच्या बांधकामावरून विचारून घमेल्यानं रेती आनली, थोडी माती कालवली, पानी शिंपडलं. तोंडावर गोधडी टाकून अंधार केला. नूरजहां म्हने, "अब चल. बाळंतिनीकडं पाहत बसू नाई."

२७ जानेवारी

गेली आत. खरडनं बंद. रेती उडायचा आवाज येते फक्त.

२९ जानेवारी

चौदा अंडे! पांढरे, मऊ, कातड्यावानी. मी पिंपापाशी गेली तशी तोंड उघडून धावली. या वक्ती राग नाई आला मले. शरयूच्या वक्ताले बाळंतपनात म्या जाऊबाईले तांब्या फेकून मारला होता. जाऊ बिचारी शिरा घेऊन आली होती.

पन पोट कमी झालं नाई. टनक लागते. दुपारपासून कुंथते अन् पडून राहते.

३१ जानेवारी

आज डोळे उघडले नाई तिनं. मी अंगठा तोंडापुढं धरला. म्हटलं, चाव. घे, चाव. तिनं चावलं नाई.

अविनाश डॉक्टर धावत आले. स्वतःच बोलले, "काकू, मी नर समजलो. चुकलं माझं." अकोल्याच्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरले फोन लावला. बाकीचे अंडे आत अडकले असतीन, म्हने. इंजेक्शन, नाईतर ऑपरेशन. उद्याच आना. अन् ज्याचं जनावर हाय त्याले विचारा.

शरयूले फोन केला. सगळं सांगतलं. अंगठा, शेपटीचा मार, जुने व्हिडिओ, रेंज, पिवळी साडी. मले वाटलं वरडन. ती वरडली नाई, रडली. "आई, तुझा काय दोष? ती इथं पुण्यात असती तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला दाखवलं असतं. न्यायला मीच उशीर केला."

म्या म्हटलं, उद्या अकोल्याले ये, अन् फोन ठेवला.

१ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीनं अकोल्याले गेलो. मी, नूरजहां अन् झाकनाचं टोपलं. कंडक्टर म्हने, "मावशी, टोपल्यात काय?" नूरजहां म्हने, "बाळंतीन हाय. खड्ड्यातून हळू न्यायले सांगा डायवरले." तो हसला. मी टोपल्यात हात घालून बसली होती. अंग थंडं लागून राह्यलं होतं.

ऑपरेशन झालं. सतरा अंडे काढले. डॉक्टर म्हने, फार उशिरा आनली. दोन दिवस काई सांगता येत नाई.

शरयू दुपारी पुन्यावरून पोचली. वाळली पोरगी. बाकावर माह्याजवळ बसली, माहा फडकं बांधलेला हात मांडीवर घेतला अन् पुन्हा तेच. "मी टाकून दिलं तिला, आई. मी टाकून दिलं." नूरजहांनं तिले च्या आनून देला, तो हातातच थंडा झाला.

मी च्या पूर्न पेली.

२ फेब्रुवारी, रविवार

शरयूनं टाकलं नव्हतं. दिवाळीत ती गाडी करून न्यायले येऊन राह्यली होती. नवं घर भेटलं होतं, तिथं सरडा ठेवला तर चालते म्हनून. म्याच फोनवर सांगतलं का डॉक्टर म्हनतात, थंडीत हलवला तर मरन, उन्हाळ्यात ने. कोन्या डॉक्टरले म्या विचारलं नव्हतं. मिठू तवा माह्या मांडीवर निजली होती, अन् मले द्यायची नव्हती.