जानकी प्रसूतिगृहाला रंगाचा हात

चामराजपेट, बंगळूर
२८ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप सत्यवती अक्कास,

धाकट्या त्रिविक्रमाचा साष्टांग नमस्कार. तुझा खोकला थांबला असेल आणि धारवाडला सगळे सुखरूप असतील असं धरून चालतो. इथे आई बरी आहे. कानामागचा हिरवा रंग सोडला तर मीही बरा आहे. (रॉकेलनेसुद्धा जात नाही.) तो कसा लागला ते सांगायलाच हे पत्र.

आपल्या गल्लीच्या टोकाचं जानकी प्रसूतिगृह तुला ठाऊकच आहे. सहा खाटा, डॉक्टर गुरुराजराव (वय अडुसष्ट, चष्मा दोरीने बांधलेला) आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळं बघणाऱ्या सोयराबाई. नर्स होती, ती वैशाखात लग्न करून भद्रावतीला गेली. तिच्या जागी कुणी येईना, आणि बायका दुसरीकडे जाऊ लागल्या. तेव्हा आमच्या तरुण सेवा मंडळाने दवाखान्याला हात द्यायचं ठरवलं. (मंडळाची सेवा तोवर गणपती आणि कॅरम एवढीच होती.) चिटणीस मी. नर्स आणणं जमेना, म्हणून आम्ही रंग आणला.

मागच्या रविवारी सकाळी डॉक्टर जयनगरच्या नव्या वस्तीत रोगी बघायला गेले आणि आम्ही सहाच्या सहा खाटा रंगवल्या. एक तरी कोरडी ठेवावी हे कुणालाच सुचलं नाही. पुण्याहून विमानाच्या कारखान्यात आलेल्या आमच्या दामोदर इंजिनियरालासुद्धा नाही. तेवढ्यात फुलवाल्या नागोजीची बायको अनुसूया कळा सोसत दारात उभी. (नागोजी तिच्याहून जास्त ओरडत होता.) "अण्णा, स्वल्प बाजूला व्हा," म्हणत ती सरळ ओल्या खाटेवर आडवी झाली. दामोदर "डोन्ट पॅनिक!" असं ओरडला आणि स्वतः अंगणात जाऊन डोकं धरून बसला.

मी सायकलवर जयनगर गाठलं. डॉक्टर सापडले, घोड्याचा जटका सापडेना. शेवटी त्यांना कॅरियरवर बसवलं, मांडीवर त्यांची पेटी. लालबागजवळच्या उतारावर ब्रेक लागेना. मी घामाघूम, आणि डॉक्टर मागून शांतपणे म्हणतात, "त्रिविक्रम, आपल्याला पडायला वेळ नाही रे." पडलो नाही.

दारात पोचलो तोच आतून सोयराबाईंची हाक आली, "डॉक्टर, मूल झालं, पण रडत नाही!" डॉक्टर आत धावले. (त्यांना धावताना मी प्रथमच पाहिलं.) आम्ही ओसरीवर. नागोजीने माझा हात धरला होता. त्याचं ओरडणं कधीच थांबलं होतं. अक्का, इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. आतून पाठीवर थोपटल्याचा आवाज येत होता, तेवढाच. आणि मग ती मुलगी जी रडली, ती सगळ्या पेठेला ऐकू गेली. नागोजी मटकन खाली बसला. दामोदर अंगणातून "काय झालं, काय झालं" करत आला आणि ऐकून ढसाढसा रडला. अनुसूयेच्या लुगड्यावर हिरवे पट्टे उठले होते, पण तिचं लक्ष त्याकडे नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, "आज माझे हात थरथरत होते. सोयराबाई होत्या म्हणून निभावलं. पुढच्या वेळी निभावेल असं मला वाटत नाही. नर्स मिळाली नाही तर दसऱ्यानंतर दार बंद."

घरी वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
त्रिविक्रम

ता. क. आई म्हणते, दोन दिवस येऊन जा.

ता. क. दोन दिवसांसाठी नको. लग्नाआधी मिरजेला तू नर्सिंग शिकलीस. ते प्रमाणपत्र पेटीतून काढ आणि कायमचीच ये. भावजी गेल्यापासून दोन वर्षं तू दिराच्या घरी पापड लाटते आहेस. लोक बोलतील. बोलू देत, त्यांना उत्तर द्यायला मी आहे.

ता. क. "विचार करून कळवते" असं मात्र लिहू नकोस. तू शुक्रवारच्या गाडीने येतेस असं मी सोयराबाईंना सांगून बसलो, त्यांनी ते पेठभर केलं. कालपासून तिघीजणी ओसरीवर येऊन बसल्या आहेत. त्यातल्या एकीने तर डॉक्टरांना बजावलंय, "सत्यवती अक्का आल्याशिवाय मी बाळंत होणार नाही. सरी? ठरलं?"