पालथ्या ताटल्या आणि माझी नोकरी

कामतघर, भिवंडी
१२ नोव्हेंबर २००६

ती. लडकूमामा आणि काशीमामी, दोघांच्या पायांवर भाचा राघोचं डोकं (ठिकाणावर आहे, काळजी नसावी). मामीचा गुडघा अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात शेकून मोकळा झाला का? मी बरा आहे. नोकरीही आहे. हे आधीच लिहितो, कारण लूमवरचं काम सोडून आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘आता पुन्हा वळकटी घेऊन दिसलास तर दार उघडायचा न्हाय.’ ते ध्यानात आहे.

इथं कॉलेजात विनिता मॅडमच्या हाताखाली मी काचसामान धुतो. मॅडम तांबं, निकेल, कोबाल्ट यांचे क्षार कसल्याशा पिवळ्या पुडीबरोबर उकळतात आणि जे रंगीत निघतं ते जंतू मारतं का ते बघतात. म्हणजे झाकणाच्या ताटलीत खरवसासारखा थर, त्यावर जंतू पेरायचे (मुद्दाम पाळलेले जंतू, मामा!), वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि ताटल्या उबेच्या कपाटात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला तर औषध कामाचं. मामी मुंग्यांना हळदीचं रिंगण घालते तसंच, फक्त इथं त्यावर माणूस डॉक्टर होतो (सुई न टोचता).

तर गुरुवारी कपाट पुसताना बघतो, वरच्या खणातल्या साऱ्या ताटल्या पालथ्या! आपल्याकडे चप्पल उलटी दिसली तरी भांडण होईल म्हणून मामी धावत जाऊन सरळ करते. इथं तर अख्खा खण पालथा. मॅडम घाईत विसरल्या असतील म्हणून मी एकेक सुलटी केली, हात जोडले आणि खोलीवर गेलो. सकाळी मॅडमनी कपाट उघडलं आणि भांडण झालंच. झाकणाला सुटलेला घाम खाली ठिबकू नये म्हणून त्या ताटल्या मुद्दाम पालथ्या ठेवतात म्हणे. माझ्यामुळे पाणी पडून जंतू सगळीकडे पसरले, गोल पुसले गेले. ‘राघो, सोमवारी सरांना काय दाखवू? तुझं तोंड?’ मी मान खाली घालून उभा राहिलो. जागचा हललो नाही, हे मुद्दाम लिहितो.

दुपारी मॅडमनीच बोलावलं. त्याच औषधांच्या ताटल्या त्यांनी खालच्या खणातही लावल्या होत्या, आणि तिथवर वाकायचा मला कंटाळा आला होता! त्या पालथ्याच राहिल्या. तांब्याच्या टिकलीभोवती तर असा गोल, जणू पुनवेचा चंद्र. मॅडम हसल्या, मी कपाटाला नमस्कार केला. ज्या आळसाला तुम्ही इतकी वर्षं नावं ठेवलीत, त्यानंच नोकरी वाचवली.

तुमचा,
राघो

ता. क. ताटल्या पालथ्या घालायचं काम आता माझ्याकडे आहे. मामीला सांगू नका.

आणखी ता. क. अंबाडी नाक्यावर केसरीनाथच्या चहाच्या टपरीत माझी वळकटी आहे. बाजाराला जाल तेव्हा घेऊन या. शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला तेव्हा भिवंडीला परतणारी जीप सुटतच होती, घाईत राहून गेली. तिला तेवढं दार उघडा. सोबत मी नाही.