चार बोटं तुरपाई

ता. ९ एप्रिल

ति. ताईस,
शेंडेफळाचा सा. न. वि. वि.

आईला येऊन आज बारा दिवस झाले आणि तिने उन्हाबद्दल एकदाही कुरकुर केलेली नाही. इथलं ऊन म्हणजे नुसती भट्टी, अकरा वाजता डांबराला चपला चिकटतात. म्हणून आम्ही सकाळी लवकर नाहीतर उन्हं उतरल्यावर बाहेर पडतो. आई, मी, तुझी भाची खारूताई, आणि पाण्याच्या बाटल्या वाहायला आमचे हे.

आईला घेऊन हिंडायचं म्हणजे करमणूक आहे गं! परवा दुकानांच्या रस्त्यावर एका मुलीने शिवणी बाहेर ठेवलेला झगा घातला होता. आईने तिला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, की पोरी, घाईत उलटा घातलायस, मी आडोसा धरते, नीट करून घे. ती म्हणाली की हीच फॅशन आहे. आई घरी आल्यावर म्हणाली, आपण जन्मभर आतली बाजू लपवण्याचेच पैसे घेतले की! चित्रांच्या प्रदर्शनात तर तिने कहरच केला. एका श्रीमंत बाईच्या मोठ्या चित्रापुढे सगळे माना डोलवत होते आणि ही मोठ्याने सांगत होती, की चित्रकाराने बाही उलटी बसवलीय, बाईने हात वर केला तर खांद्यात फाटेल. शेजारचे एक गृहस्थ नंतर अर्धा तास तिच्या मागेमागे फिरत होते, पुढच्या चित्रात काय चुकलंय ते ऐकायला.

उद्या तिला माझ्या संग्रहालयात नेणार आहे. जुने कपडे झटकायचे, नोंदायचे, पुतळ्यांवर चढवायचे, एवढंच माझं काम, पण तिला फार अप्रूप आहे. मला कायम करायचं की नाही ते जूनमध्ये ठरेल. तोवर जीव टांगणीला.

एक सांगते, रागावू नकोस. हात रिकामे राहिले की ती बोटं चोळत बसते. पर्समध्ये सुईदोरा घेऊन फिरते. थोरलीचं बोलावणं आलं का, म्हणून रोज विचारते. पन्नास वर्षांत शिवणाचं दुकान सोडून आठवडाभर न राहिलेल्या बाईला तू दोन महिने का धाडलंस? खरं काय ते कळव.

लोभ आहेच, तो इथल्या उन्हात आटू देऊ नकोस.

तुझी,
शेंडेफळ


ता. १६ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. विचारलंस म्हणून सांगते, पण हे वाचून फाडून टाक.

गेल्या हिवाळ्यापासून आईची तुरपाई बिघडलीय. टाके कुठे लांब पडतात, कुठे एकावर एक चढतात. एका नवरीच्या झग्याची दुमड ऐन लग्नात सुटली. तिची आई दुकानात येऊन मला वाट्टेल ते बोलली. मी दोष मशीनवर ढकलला, आईला काही कळू दिलं नाही. तेव्हापासून ती दुपारी जेवून आडवी झाली, की मी तिचं सकाळचं काम उसवते आणि नव्याने घालते. ती तुझ्याकडे येईपर्यंत चार महिने हेच चाललं होतं. तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. जिने मला सुई धरायला शिकवलं, तिला कोणत्या तोंडाने सांगू, की आई, तुझा हात गेला? त्या दिवशी ती खुर्चीवरून उठेल आणि परत बसणार नाही.

मी तिला घालवून दिलं असं तुला वाटत असेल. थोडं खरं आहे, खोटं कशाला बोलू? दुपारी पाठ टेकायला मिळतेय मला. फिरव तिला, थंडगार आईस्क्रीम खाऊ घाल, चित्रकारांच्या चुका काढू दे. फक्त सुई हातात देऊ नकोस.

खारूताईला पापा. जावईबापूंना सांग, बाटल्या वाहणारा पुरुष या घराण्याला प्रथमच मिळालाय, जपून ठेवू.

तुझी,
ताई


ता. २ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले. आता तू बस खाली, कारण मी जे लिहितेय ते उभ्याने वाचण्यासारखं नाही.

आई संग्रहालयात तिसऱ्यांदा आली होती. कपड्यांच्या दालनात दीडशे वर्षांचा एक निळा झगा आहे. मध्ये काच नाही, नुसता दोर. त्याची दुमड चार बोटं उसवलेली आहे. आमच्याकडे उसवलेलं तसंच ठेवतात, कारण तो जुना दोरासुद्धा कपड्याइतकाच मोलाचा. मी पाणी आणायला गेले होते. पहारेकरीकाका आईसाठी खुर्ची आणायला गेले आणि वाटेत शाळेच्या मुलांच्या गर्दीत अडकले. तेवढ्यात आईने खाली बसून, पर्समधली सुई काढून, ती चार बोटं तुरपून टाकली!

मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. टाके वेडेवाकडे, आणि सगळे डावीकडे कललेले. आपल्या घरात डावखुरी आई एकटीच. संध्याकाळी आईने आपणहून सांगितलं, की एवढ्या मोठ्या ठिकाणी कुणाला वेळ नसेल, मी करून टाकलं. तिचा चेहरा इतका फुलला होता, की माझ्याच्याने एक शब्द बोलवला नाही.

मुख्य बाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, आणि ताई, मी गप्प राहिले. जागा सोडली म्हणून ठपका पहारेकरीकाकांवर आला. चौकशी संपेपर्यंत त्यांना घरी बसवलंय. आईला खुर्ची आणायला गेला तो माणूस! मला घास गिळवत नाही. खरं सांगितलं तर माझं कायम होणं बोंबललं, आणि आईला सगळ्यांसमोर कळणार, की तिची तुरपाई उसवून टाकण्याच्या लायकीची झालीय. काय करू? लवकर लिही.

लोभ करतेसच, या वेळी अक्कलही दे.

तुझी,
शेंडेफळ


ता. ८ मे

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

जाऊन सांग, की घरच्या सवयीने तूच टाका घातलास. आईचं नाव घेऊ नकोस. काका सुटतील. तुझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल, आईला दुसरा हात मिळणार नाही. मला बोलायला काय जातंय, असं म्हणशील. म्हण. मी इथे चार महिने त्या माउलीशी खोटं बोलून बसलेय, आणि आता मध्येच खरं बोलायचं कसं तेच मला उमगत नाही.

आधीचं पत्र फाडलंस ना?

तुझी,
ताई


ता. १७ मे

चि. थोरलीस,
आईचे आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, चालवून घे. तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. चुकून नव्हे, मुद्दाम, भिंग लावून. फाड म्हटलेलं पत्र धाकटीने टॉवेलांखाली ठेवलं होतं. तुम्ही दोघी लहानपणापासून अशाच, एक हुकूम सोडणार आणि दुसरी ऐकल्यासारखं करणार.

नातीला घेऊन संग्रहालयात परत गेले, तर पहारेकऱ्याच्या स्टुलावर दुसराच माणूस. विचारलं तेव्हा कळलं, की खुर्ची आणणाऱ्याला घरी बसवलंय. मग धाकटीचं जेवण का जात नव्हतं ते उमजलं आणि मी टॉवेल उचकले. दुसऱ्या दिवशी धाकटीने तोंड उघडायच्या आत मुख्य बाईंकडे गेले आणि सांगितलं, की टाके माझे आहेत, मुलीला ओळखू आले तरी आईपायी ती बोलली नाही. बाई रागावल्या. रागवायलाच हवं होतं. मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, की तुमचे टाके आता काढावे लागतील, तुमच्यासमोर काढू का? मी हो म्हटलं. बारीक चिमट्याने त्यांनी एकेक काढला, मी दिवा धरला. अठरा टाके होते. त्यातले अकरा वाईट होते, हे मीच त्यांना दाखवलं.

काका कामावर आले. धाकटीचं कायम होणं मात्र वर्षभर पुढे गेलं, ते माझ्यामुळे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काल बोलली.

आता तुझं. माझे टाके डावीकडे कलतात, तुझे उजवीकडे. डोळ्यांना नाही दिसलं तरी बोट फिरवलं की कळतं. पहिल्याच कपड्याला मला कळलं होतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू थांबली असतीस, आणि मग गिऱ्हाईकाकडे माझंच काम गेलं असतं. त्या निळ्या झग्याला मी सवयीने हात लावला, असं इथे सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगते. एक तरी तुरपाई मला अशी घालायची होती, जिच्या मागून तू येणार नाहीस.

मी शनिवारी निघतेय. खुर्ची हलवू नकोस. वाईट झालेलं माझ्या हातात दे आणि माझ्यासमोर उसव, त्या परक्या बाईने उसवलं तसं. ते मला सोसतं, बघून आलेय. दुपारचं मात्र आता जमायचं नाही. चार महिने मी एकही दुपार झोपले नाही, पोरी. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि तुझं दोरा तोडणं ऐकायचे.

लोभ आहे हे ठाऊक आहे. यापुढे तो माझ्यासमोर करावा.

तुझी,
आई