हरकतदार भैरोबा

तालुका पोलादपूर, फेब्रुवारी १९६३

चि. दत्ताराम यास दाजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, म्हणजे गुडघे दुखतात, म्हैस आटली आहे आणि पंचायत जिवंत आहे. तुझी प्रकृती उत्तमच असणार. रस्ते खात्याच्या ओव्हरसियरला काय धाड भरली आहे? (तुझी जीप वाडीवरून दोनदा गेली. मी हात केला होता. धुळीत दिसला नसेल.) लिहिण्यास विशेष कारण नाही.

आपला घाटाचा रस्ता पंचायतीकडून तुझे खाते घेणार, हे तुला मी काय सांगावे. श्रमदानात आम्ही दगड फोडले, बायकांनी पाट्या वाहिल्या, कडेची जांभळीची झाडे घागरींनी जगवली, तेव्हा खात्याला ती गुरांची वाट वाटत होती. आता माथ्यावरून सूर्यास्त सुंदर दिसतो असा शोध लागला आहे (आमचा सूर्य पहिल्यापासून तिथेच बुडतो). म्हणून मोटारींसाठी झाडे तोडून रस्ता रुंद करायचा, वर बंगला बांधायचा, आणि आमच्या बैलगाड्यांनी ओढ्यातून जायचे.

पंचायतीने एकमताने विरोध ठरवला. एकमत सहीपर्यंत टिकले. सरपंच महिपतींचा मुलगा सरकारी नोकरीत, पंच रावजीला बंगल्याच्या वाळूचे कंत्राट हवे. मी सही करायला उठलो तर म्हणाले, "तुमचा मेव्हणाच खात्यात हाय. तुमची सही कोण खरी मानील?" शेवटी चांगू गुरवाने तोड काढली. "भैरोबाला कौल लावू. त्याला कुनाची भीती नाय." कळी उजवीकडे पडली, म्हणजे देवाचा होकार. अर्जात हरकतदार म्हणून श्री भैरोबाचे नाव घातले आणि पंच निर्धास्त होऊन जेवायला गेले.

पुढे जिल्ह्याच्या कचेरीतून भैरोबाला नोटीस आली, सुनावणीस जातीने हजर राहावे. आता आपला देव शीव ओलांडत नाही, हे तुला ठाऊक आहे. शिमग्यातही पालखी शिवेवरच्या दगडाला टेकून माघारी फिरते. मग महिपतीच गेले. दुपारभर बाकावर बसले. पुकारा झाला, "भैरोबा हाजीर हो." देवाच्या नावाला ओ दिली तर पाप लागेल म्हणून महिपती गप्प राहिले. हरकतदार गैरहजर, सबब अर्ज निकाली.

मला खात्याचा राग येतो, पंचांचा त्याहून जास्त येतो. देवाचा येत नाही. सरकारचे बोलावणे आले तरी गाव सोडायचे नाही, एवढे त्याला तरी जमले.

बाकी तुला सगळे कळलेलेच आहे.

तुझा दाजी,
हैबती

ता. क. तोडायच्या झाडांवर चुन्याने आकडे घातलेत. नवाची शेपटी उलटी आहे. त्यावरून तुझी आक्का तुला लहानपणी रागवायची.

आणखी ता. क. ओढ्याच्या वळणावरची जांभळी तेवढी वगळ. ती तुझ्या आक्काने, ठकूने लावलेली. तिला नेताना विसावा तिथेच दिला, आणि तिरडी खाली ठेवून आम्ही बराच वेळ तुझी वाट पाहिली. त्या दिवशी तूही गैरहजर होतास, म्हणून झाडाची खूण कळवतो. खाली सपाट दगड आहे, आणि बुंध्यावर तुझ्या हातचा नऊ आहे.